पाय दमले, हात तसेच राहिले

प्रश्न : मॅडम, माझं वय ४४. सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. चार महिन्यांपासून आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जणी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी पहाटे सर्किट ट्रेनिंग करतो. आठ स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी ४० सेकंद व्यायाम आणि २० सेकंद विश्रांती, अशा तीन फेऱ्या. क्रम असा : जंपिंग जॅक, स्क्वॉट (बैठकीसारखा), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), दोरीउड्या, जिन्याच्या पायरीवर स्टेप-अप, माउंटन क्लाइंबर, पुश-अप, प्लँक (हातांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं). फायदा झालाय. शाळेचे दोन मजले चढताना आता दम लागत नाही. पण हातांत काहीच फरक नाही. दोन पुश-अप झाले की मी पोटावर पडते आणि उरलेला वेळ तशीच पडून राहते. दुपारच्या तासांना फळ्यावर लिहिताना उजवा खांदा भरून येतो. स्टेप-अप करताना उजव्या गुडघ्यात चमक येते. मैत्रिणी म्हणतात, बायकांना हातांचे व्यायाम कशाला, दंड जाड होतील. मुलगा जिमला जातो, तो म्हणतो, एक दिवस हात आणि एक दिवस पाय असं कर. मी चार स्टेशनं हातांची आणि चार पायांची केली, तर संतुलन साधेल का? एकाआड एक घ्यावीत का?

उत्तर : ताई, एकाआड एक जरूर घ्या. चार-चारची वाटणी मात्र कागदावर बरोबर दिसूनही प्रत्यक्षात फसू शकते. स्टेशनं मोजून संतुलन कळत नाही. त्या ४० सेकंदांत स्नायूला किती मेहनत पडली, यावर ते ठरतं. तुमच्या पत्रातच याचा पुरावा आहे.

तुमची आठ स्टेशनं मी ओळीनं लिहिली आणि प्रत्येकासमोर नेमकं कोण राबतंय ते मांडून पाहिलं. स्क्वॉट, लंज, दोरीउड्या, स्टेप-अप ही चारही पायांची, आणि चारही सलग. जंपिंग जॅकमध्ये हात वर-खाली होतात खरे, पण त्यांच्यावर वजन काहीच नसतं, उडी पायच मारतात. माउंटन क्लाइंबरमध्ये हात शरीर तोलून धरतात आणि पाय पळतात. प्लँक मुख्यतः पोटाचा. म्हणजे वरच्या अंगाला खरं काम देणारं स्टेशन एकच, पुश-अप, आणि तिथे तुमचे दोन होतात. तीन फेऱ्यांत सहा, आठवड्यात अठरा. त्याच वेळी त्या चार सलग स्टेशनांवर तुमचे पाय दर सकाळी आठ मिनिटं काम करतात. चार महिन्यांत पाय सुधारले आणि हात होते तिथेच राहिले, यात तुमच्या कष्टांची काहीही कसूर नाही. आखणीच तशी होती.

गुडघ्याची चमकही बहुधा याच क्रमातून आली असावी. चारही व्यायामांत गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ओढला जातो. वीस सेकंदांच्या विसाव्यात तो पुरता सावरत नाही. या चारांतल्या शेवटच्या स्टेशनवर, म्हणजे पायरीवर चढताना, थकलेली मांडी गुडघा सरळ रेषेत धरू शकत नाही, तो आत झुकतो आणि दुखावतो. त्यात दोरीउड्या गच्चीच्या कोब्यावर. पुढच्या वेळी स्टेप-अप करताना खाली बघा : गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय की अंगठ्याच्या आत जातोय? आत जात असेल तर ही शंका पक्की धरायला हरकत नाही.

सर्किट ट्रेनिंग ही पद्धत १९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी बसवली. नऊ ते बारा स्टेशनं, एकावरून दुसऱ्यावर फारसं न थांबता जायचं. अशा रचनेत एक भाग थकला की दुसऱ्याला कामाला लावायचं, म्हणजे माणूस थांबत नाही आणि स्नायूला मात्र विश्रांती मिळते. पुढे बॉब गाज्डा या शरीरसौष्ठवपटूनं, जो १९६६ साली मिस्टर अमेरिका झाला, अंगाचा वरचा आणि खालचा भाग आलटून-पालटून घेण्याची पद्धत लोकप्रिय केली. पायांना काम दिलं की रक्ताचा ओघ तिकडे वाढतो, लगेच हातांना दिलं की तो इकडे वळवावा लागतो. हृदय सतत कामात राहतं आणि एकाच स्नायूची जळजळ होऊन आपण मध्येच थांबत नाही. तुमच्या गच्चीवर हे सहज जमण्यासारखं आहे. मांडी ४० सेकंद राबली की तिला पुढचं काम यायला २० अधिक ४० अधिक २०, म्हणजे ८० सेकंद मिळतात. आज तिला वीसच मिळतात.

आता मेहनतीची गोष्ट, कारण खरी मेख इथेच आहे. तुमचे पाय दिवसभर तुम्हाला वाहून नेतात, जिने चढतात, वर्गात पाच-सहा तास उभे राहतात. त्यांना चाळीस सेकंदांचे स्क्वॉट जमतातच. हातांना असं रोजचं काम नसतं, आणि पुश-अपमध्ये तर शरीराचं सुमारे दोन-तृतीयांश वजन एकदम त्यांच्यावर येतं. तुमचं वजन ६० किलो धरलं तर जवळजवळ ४० किलो. ज्या हातांनी वर्षानुवर्षं वह्यांचे गठ्ठे आणि भाजीच्या पिशव्या एवढंच उचललं, त्यांना पहिल्या दिवसापासून ४० किलो ढकलायला सांगायचं, हे मला पटत नाही. दोन होऊन खाली पडणं हा तुमचा कमकुवतपणा समजू नका. व्यायामाची पायरी चुकली आहे, एवढंच.

म्हणून पुश-अपची उंची बदला. हात जितके उंचावर ठेवाल तितकं अंगाचं वजन कमी येतं. आधी जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर हात टेकून करून पाहा. ते फार सोपं वाटलं तर पाण्याच्या टाकीचा चौथरा किंवा भक्कम बाक घ्या. मग जिन्याची तिसरी पायरी, दुसरी, पहिली आणि शेवटी जमीन. गच्चीच्या कठड्यावर मात्र कुणीही, कितीही मजबूत वाटला तरी, पुश-अप करायचे नाहीत. सलग दहा-बारा नीट होतील आणि शेवटचे दोन-तीन जड जातील, ती तुमची आजची उंची. बारा सहज व्हायला लागले की एक टप्पा खाली या.

प्रत्येक स्टेशनवर शिट्टी वाजली की मनात एकच प्रश्न विचारा : याच पद्धतीनं, अंग न वाकडं करता, अजून किती झाले असते? उत्तर दोन-तीन असेल तर मेहनत योग्य पडली. दहा असेल तर व्यायाम हलका आहे, आणि शिट्टीच्या आधीच थांबायला लागलं तर तो आज तुमच्यासाठी जड आहे. हाताच्या आणि पायाच्या स्टेशनांवर हे उत्तर सारखं यायला लागलं की संतुलन साधलं म्हणायचं, मग स्टेशनं चार-चार असोत की पाच-तीन. याच कसोटीवर तुमचे स्क्वॉटही कदाचित हलके ठरतील. तसं असेल तर वेग वाढवू नका, पाण्याचा कॅन छातीशी धरून करा.

यापेक्षाही जास्त मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या आठ स्टेशनांत ओढण्याचा व्यायाम एकही नाही. वरचं अंग दोन कामं करतं, ढकलणं आणि ओढणं. ढकलायला छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू लागते. ओढायला पाठ, खांद्यामागचे फरे धरून ठेवणारे स्नायू, दंडाची पुढची बाजू आणि हाताची पकड. घरी, गच्चीवर किंवा मैदानात साधनांशिवाय केलेल्या बहुतेक सर्किटमध्ये हेच सुटतं, कारण ढकलायला जमीन असते आणि ओढायला काहीच हाताशी नसतं. त्यामुळे चार स्टेशनं हातांची केलीत आणि चारही पुश-अपच्या जातीची निघाली, तर अर्धं अंग पुन्हा उपाशीच राहील. फळ्यावर लिहिताना हात तासन्‌तास वर धरावा लागतो. तो धरून ठेवायला मागून फऱ्याचा आधार लागतो आणि हा आधार ओढण्याच्या व्यायामानंच मिळतो.

तुम्ही सांगलीच्या, तालीम पाहिलेली असणार. बैठका पायांसाठी, जोर छाती-खांद्यांसाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पैलवान तेवढ्यावर थांबत नाही. फावड्यानं हौद्यातली माती उकरणं, दोर चढणं, आणि मग लाल मातीत समोरच्याला धरून ओढणं, ही सगळी पाठीची आणि पकडीची मेहनत आहे. दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या मुलींच्या पाठी पाहा, किती सरळ आणि सक्षम असतात. आपल्याकडे ओढण्याच्या व्यायामाची एवढी मोठी परंपरा असताना आपल्या गच्चीवरच्या सर्किटमध्ये त्याला जागा नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला दोर चढायला सांगत नाही. पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलो वजन. डावा हात खुर्चीवर टेकवा, पाठ सपाट ठेवा, उजव्या हातानं कॅन कमरेकडे ओढा. कोपर मागे जाऊ द्या, खांदा कानाकडे उचलू नका. वीस सेकंदांनी हात बदला. दुसरा मार्ग रबरी रेझिस्टन्स बँडचा. तो गच्चीवरच्या भक्कम खांबाला पोटाच्या उंचीवर अडकवायचा, दोन्ही टोकं धरून उभं राहायचं आणि कोपरं मागे नेत ओढायचं. फरे एकमेकांकडे आले की क्षणभर थांबायचं. बँड ओढण्याआधी दर वेळी बोटं फिरवून चीर पडली नाही ना ते पाहा.

पायांतही एक बाजू सुटली आहे. स्क्वॉट, लंज, स्टेप-अप हे तुमच्या आखणीत मुख्यतः मांडीच्या पुढच्या बाजूवर येतात. मांडीची मागची बाजू आणि नितंब यांना तितकं काम नाही, आणि गुडघ्याला आधार देण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांच्यासाठी दोन व्यायाम पुरेत. एक ब्रिज, म्हणजे आपलं सेतुबंधासनच, फक्त वर थांबण्याऐवजी कंबर वर-खाली करायची. दुसरा डेडलिफ्ट : पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित मोकळे सोडून, नितंब मागे नेत वाकायचं आणि जमिनीवरचा कॅन दोन्ही हातांनी उचलून उभं राहायचं.

दंड जाड होतील, ही भीती मी इतक्या जणींकडून ऐकते की त्याबद्दल जरा थांबून बोलायलाच हवं. स्नायू मोठे होण्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा हात असतो आणि बायकांच्या शरीरात ते पुरुषांच्या मानानं कितीतरी पटींनी कमी असतं. पाच किलोच्या कॅननं दंड जाड होत नाहीत. आकाराची चिंता करण्यापेक्षा ताकदीकडे बघा. सरासरी बाईच्या पायांची ताकद पुरुषाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते, वरच्या अंगाची जेमतेम निम्म्याच्या थोडी वर. म्हणजे हातांच्या व्यायामाची गरज बायकांनाच जास्त आहे. आणि तुमचं वय ४४ आहे. काही वर्षांत पाळी थांबेल आणि त्यानंतर हाडं झपाट्यानं झिजतात. त्या वयात तोल जाऊन हात टेकला आणि मनगट मोडलं, असं फार बायकांच्या बाबतीत घडतं. हाड मजबूत राहतं ते त्याच्यावर भार पडला तर, आणि जिथे भार पडतो तिथेच. दोरीउड्यांनी मनगटाचं हाड बळकट होत नाही. त्याला पुश-अप, प्लँक, वजन ओढणं हेच हवं. मैत्रिणींना हे नक्की सांगा.

मुलाचा सल्ला त्याच्या जागी बरोबर आहे. जिमला आठवड्यात पाच-सहा दिवस जाणाऱ्याला वाटणी सोयीची पडते. तुमचे दिवस तीनच आहेत. एक दिवस हात, एक दिवस पाय केलं तर प्रत्येक भागाला आठवड्यात सरासरी दीडच वेळा काम मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सर्व प्रमुख स्नायूंना आठवड्यात किमान दोन दिवस बळाचा व्यायाम हवा. तुमचे सोमवार, बुधवार, शुक्रवार संपूर्ण अंगासाठीच ठेवा. मधल्या दिवसाची विश्रांती त्यात आपोआप येते.

मग नवी आखणी अशी. जंपिंग जॅक सर्किटमधून काढून सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांच्या अंग मोकळं करण्यात घ्या, आणि उड्या न मारता एकेक पाय बाजूला टाकत करा. दोरीउड्या गुडघा शांत होईपर्यंत बंद. पहिलं स्टेशन स्क्वॉट, मागे खुर्ची ठेवून, हलकं टेकून उठायचं. दुसरं पुश-अप, आपापल्या उंचीवर. तिसरं कॅनचा डेडलिफ्ट. चौथं एका हातानं कॅन ओढणं. पाचवं लंज, पण पाय पुढे टाकण्याऐवजी मागे टाकून, बहुतेकांच्या गुडघ्याला तो जास्त सोसवतो. सहावं बँड ओढणं. सातवं ब्रिज आणि आठवं प्लँक. ढकलण्याचं एक आणि ओढण्याची दोन स्टेशनं मी मुद्दाम ठेवली आहेत, चार महिन्यांची तूट भरायची आहे आणि तुमच्या खांद्याला त्याचीच गरज आहे. डोक्यावर वजन उचलण्याचा व्यायाम खांदा भरून येणं थांबेपर्यंत नको.

झोपून करायचे दोन्ही व्यायाम शेवटी एकत्र ठेवण्यामागेही कारण आहे. वर-खालचं अंग आलटून-पालटून घेताना लोक स्क्वॉटनंतर जमिनीवर, मग पुन्हा उभं, पुन्हा जमिनीवर, असा क्रम लावतात. पहाटे उपाशीपोटी, भरभर श्वास चालू असताना असं उठ-बस केलं की काहींना गरगरतं. या क्रमात जमिनीवर एकदाच जायचं आहे, आणि प्लँकनंतर आधी बसून मग उठायचं.

तुम्ही सात-आठ जणी आणि स्टेशनं आठ, त्यामुळे एका ठिकाणी एका वेळी एकच जण असेल. दोन-तीन कॅन, दोन खुर्च्या आणि एक चांगला बँड एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. ज्येष्ठ मैत्रिणीनं भिंतीवर पुश-अप करावेत, तरुणीनं पायरीवर. दोघींनी एकमेकींचे आकडे बघू नयेत. फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटं चालत राहा.

जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. हातांच्या व्यायामात रक्तदाब पायांच्या व्यायामापेक्षा जास्त चढतो, त्यामुळे वर्षभरात मोजला नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या. खांदा फक्त लिहून लिहून भरून येत असेल तर या व्यायामानं त्याला उतार पडायला हवा. पण रात्री कुशीवर झोपताना दुखत असेल, वेणी घालायला किंवा पाठीमागे हूक लावायला हात जात नसेल, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चाळिशी ते साठीदरम्यान खांदा आखडण्याचा आजार होतो, बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत जास्त, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. गुडघ्याला सूज आली, तो अडकला किंवा मध्येच सोडून दिल्यासारखा झाला तरी वाट बघू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा.

पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या करा, कारण पाठ आणि मांडीची मागची बाजू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलीच ठणकेल. काम न पडलेले स्नायू असे दुखतातच. ही दुखणी दोन्ही बाजूंना सारखी असतात, स्नायूच्या मधोमध असतात आणि तीन-चार दिवसांत उतरतात. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची दुखणी वेगळी, तिथे तो व्यायाम थांबवायचा. दुसऱ्या आठवड्यापासून तीन फेऱ्या सुरू करा.